काकवीसाठी अर्ज

अर्ज चार पानांचा.
पासपोर्टच्या वेळी एवढं विचारलं नव्हतं.
घर भाड्याचं की स्वतःचं, मजला कितवा,
कुणाला दमा आहे का,
पुण्याबाहेर गेलात तर मागे कोण,
तुम्हाला काही झालं तर
मागे कोण.
ह्या शेवटच्या रकान्यात भावाचं नाव लिहिलं
आणि मग त्याला फोन केला, दोन वर्षांनी.
तो म्हणाला, मांजर? बरं.
मग बराच वेळ मुलीच्या दहावीबद्दल बोलत राहिला.

माझं चष्म्याचं दुकान आहे, धनकवडीत.
दिवसभर लोकांची हनुवटी यंत्रावर टेकवतो
आणि विचारतो, असं स्पष्ट, का असं?
रविवारी अकरा वाजता माझीच हनुवटी.

ऋजुता घोलप. असेल तेविशीची.
काखेत हेल्मेट, मनगटावर ओरखडे,
काही सुकलेले, एक ताजा.
पाणी नको म्हणाली. पोहे केले होते, तेही नको.
आधी गॅलरी दाखवा.
कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी
दोन बोटांत धरून तिनं ओढली,
मंडईत भेंडीचं टोक मोडून बघावं तशी.
"ही एका रात्रीत कुरतडेल. स्टीलची लागेल."
डक्टची खिडकी, फ्रिजमागची फट,
सगळीकडे हात घालून पाहिला.
कुंडीतली लिली बघून म्हणाली, ही मांजराला विष.
मी तिथल्या तिथे कुंडी उचलून जिन्यात ठेवली
आणि वाटलं, चला, पाच मार्क.

मग मोबाईलवर काकवी दाखवली.
मार्केट यार्डात गुळाच्या गाळ्यामागे सापडलेली,
रंगही तोच, एक कान अर्धा.
डाव्या डोळ्यात फूल पडलंय, मी म्हणालो.
तिनं पहिल्यांदाच
माझ्याकडे नीट पाहिलं.

"याआधी मांजर होती?"
होती.
"तिचं काय झालं?"
अर्जात लिहिलं होतं: म्हातारी होऊन गेली.
नुसतं तेच पुन्हा म्हणायचं होतं.
पण ती पेन वर धरून थांबली होती,
घाई नसल्यासारखी.

गंज पेठेतली खोली सोडली तेव्हा मी सोळा वर्षांचा.
टेंपो भरला होता. ती कौलांवर.
हाका मारल्या, भांडं वाजवलं,
टेंपोवाला हॉर्न देत होता.
वडील म्हणाले, मांजर माणसाची नसते, घराची असते.
आम्ही सगळ्यांनी ते लगेच मान्य केलं.
उद्या येतो, मी म्हणालो, कौलांकडे बघून.
गेलो पाचव्या दिवशी.
शेजारच्या हमिदाबी म्हणाल्या,
तीन दिवस कुलपाखाली बसून होती.
दूध ठेवलं, तोंड लावलं नाही.
नंतर दिसली नाही.

पंखा फिरत होता.
"नाव काय होतं?"
पिंगी.
त्याला रकाना नव्हता.
तिनं समासात लिहून घेतलं.

निघताना म्हणाली, कळवू.
दारात हेल्मेट घालता घालता
पुन्हा आत वळून, उभ्या उभ्या
दोन चमचे गार पोहे खाल्ले.
लिंबू हवं होतं, म्हणाली.
ह्याचा काय अर्थ घ्यायचा?

बुधवारी जाळीवाला आला.
फुटाचा भाव ऐकून एरवी मी भांडलो असतो.
आता समोरच्या इमारतीचे दिवे
बारीक चौकटींतून दिसतात.
रात्री दुकानाचा हिशोब झाला की
दोन बोटांनी जाळी ओढून बघतो.
एकदा नाही, दोनदा.

आज अकरावा दिवस. निरोप नाही.

लिली अजून जिन्यातच.
तिला दोन नवे कळे आलेत.
वरच्या टिपणीसबाई आज थांबून म्हणाल्या,
किती छान, कुणाची हो ही?
मी म्हणालो, घेऊन जा.
त्या वाकून कुंडी उचलणार
तेवढ्यात मीच आडवा हात घातला.
थांबा.
तुमच्याकडे मांजर नाही ना?